यमुना बँकचा ड्रमर

गॅसचा सिलिंडर खांद्यावर घेऊन तीन मजले चढून आलेला माणूस दारात उभा होता. जूनमधली सकाळ, मयूर विहार, लिफ्ट बंद. त्याच्या कपाळावरचा घाम आमच्या पायपुसण्यावर टपटपत होता.

"ओटीपी बोलिए, साहब."

मोबाईलवर चार आकडे आले होते. मी ते वाचले, मनात घोकले, मोबाईल टेबलावर ठेवला, दारापर्यंतची आठ पावलं चाललो आणि ठणकावून सांगितलं, "एक, नौ, सात, शून्य."

"गलत बता रहा है."

"अच्छा... तो एक, नौ, सात, एक?"

त्याने सिलिंडर दाणकन खाली ठेवला. सिलिंडर रागाने ठेवलाय की थकून, हे आवाजावरून कळतं. त्या दिवशी दोन्ही होतं. आतून बायको आली, मोबाईल उचलला, खरा नंबर सांगितला, त्याला पाणी दिलं, दार लावलं आणि मग माझ्याकडे वळली.

"अहो, आकडे चारच. तेही समोर लिहून आलेले. तुम्ही सांगितलेत ते कुठले?"

खरं उत्तर दिलं असतं तर दुपारचं जेवण लांबलं असतं, म्हणून मी "तोंडातून निघून गेलं" म्हणालो. इथे वाचकांपासून काय लपवायचं? १९७० आणि १९७१ ही 'सिमला बीट'ची सालं आहेत.

सिमला हे एका सिगारेटचं नाव. साठचं दशक संपता संपता तंबाखूवाल्या कंपनीच्या लक्षात आलं की कॉलेजातल्या पोरांच्या हातात सिगारेट द्यायची तर आधी गिटार द्यायला हवी. तिने देशभरातल्या रॉक बँडांची स्पर्धा सुरू केली आणि १९७० आणि १९७१ साली निवडक बँडांच्या दोन लाँगप्ले रेकॉर्ड काढल्या. शिलाँगचे फेंटोन्स, बंगळूरचे डायनासोर्स, मद्रासचे कन्फ्यूजन्स, कलकत्त्याचे ग्रेट बेअर. पोरं सतरा-अठरा वर्षांची, केस मानेपर्यंत, आणि वडील बहुतेक रेल्वेत नाही तर बँकेत. स्पर्धा संपली, पोरं पदवीधर झाली, केस कापून वडिलांच्याच ओळखीने नोकरीला लागली आणि बँड संपले. तंबाखूच्या आरोग्यावरच्या दुष्परिणामांबद्दल जाणकारांनी पुष्कळ लिहिलं आहे. डोक्यावरचा दुष्परिणाम पाहायचा असेल तर मला पाहावं. लहानपणी घडाघडा म्हणत असलेली रामरक्षा आता अर्ध्यावर अडखळते आणि तिथून पुढे कन्फ्यूजन्स सुरू होतात.

यातली खरी गंमत अशी की ज्या काळाच्या आठवणीने माझा गळा दाटून येतो, त्या काळात मी साताऱ्यात एकोणतीसचा पाढा पाठ करत होतो. १९७० साली माझं वय सहा. आमच्या घरात रेकॉर्ड म्हणजे गीतरामायण, आणि तेही शेजाऱ्यांकडचं. गिटार मी पहिल्यांदा पाहिली ती हिंदी सिनेमात, नायकाच्या हातात, आणि तो ती बॅडमिंटनच्या रॅकेटसारखी धरून पियानोच्या आवाजात वाजवत होता. १९८८ मध्ये नोकरीसाठी दिल्लीला आलो तेव्हा पहिले आठ दिवस पहाडगंजच्या बृहन्महाराष्ट्र भवनात राहिलो. तिथेही खोलीतल्या सोबत्याला घोरण्याव्यतिरिक्त कुठल्याही संगीतात रस नव्हता. म्हणजे माझ्या तारुण्यात रॉक कुठेच नाही. पन्नाशीला आल्यावर लोक रक्तदाब लावून घेतात, गुडघे लावून घेतात, मी दुसऱ्याच्या तारुण्याची आठवण लावून घेतली.

ती लागली रविवारच्या जुन्या बाजारात. मी गेलो होतो मिक्सरचं झाकण शोधायला. झाकण मिळालं नाही. एका फाटक्या चादरीवर इस्त्री, फोनचा डबडा, पाय नसलेली बाहुली आणि खाली रेकॉर्डींची चळत होती. विक्रेत्याने वीस रुपयांत एक देऊ केली. कव्हरवर निळ्या शाईने "वाढदिवसानिमित्त, सप्रेम" अशा अर्थाचं इंग्रजीत लिहिलेलं, खाली तारीख आणि सही, आणि सहीवर चहाच्या कपाचा गोल डाग. कुणी तरी कुणाला मोठ्या प्रेमाने दिलेली भेट वीस रुपयांत माझ्या हातात आली. तिथे मी अडकलो. मिक्सर अजून ताटली झाकून चालवतात.

पुढे कळलं की या छंदात विचारायलासुद्धा शिकावं लागतं. सिमला बीटच्या पहिल्या रेकॉर्डवर 'जेन्युइन स्पेअर्स' नावाचा एक बँड आहे. मी एका रद्दीवाल्याला नम्रपणे विचारलं, "भाईसाहब, जेन्युइन स्पेअर्स मिलेगा?"

"गाडी कौन सी है?"

"गाडी नाही हो, गानेवाला."

"हॉर्न चाहिए? काश्मीरी गेट जाइए. जेन्युइन बोलेगा, पर देगा डुप्लिकेट."

काश्मीरी गेटला गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार आहे हे दिल्लीतलं पोरसुद्धा जाणतं. तरी मी गेलो. न जाणो, नावावरून कुणाला काही आठवलं तर! परत येताना आमच्या जुन्या मारुतीसाठी वायपर घेऊन आलो. डुप्लिकेट निघाले.

दिल्लीत या रोगाचे रुग्ण बरेच आहेत. चांदनी चौकातलं न्यू ग्रामोफोन हाउस आणि जामा मशिदीजवळच्या मीना बाजारातलं शाह म्युझिक सेंटर ही आमची दोन तीर्थक्षेत्रं. अशाच एका तीर्थयात्रेत माझी आमच्या मंडळाशी गाठ पडली. मंडळ म्हणजे पाच-सहा माणसं, महिन्यातला दुसरा रविवार, कुणाच्या तरी घरी. चित्तरंजन पार्कातले दादा, राजौरी गार्डनचे वीरजी, गुडगावचा एक पोरगा, एक निवृत्त कर्नल आणि मी. नावनोंदणी नाही, वर्गणी नाही. नियम एकच, आणि तोही कुणी बोलून दाखवत नाही: ज्याला सर्वांत बिनमहत्त्वाचं आठवेल तो जिंकला.

हा नियम मला समजायला तीन रविवार लागले. पहिल्या रविवारी मी उत्साहाने बीटल्सचं नाव काढलं. खोलीत अशी शांतता पसरली, जणू पुण्यातल्या लग्नाच्या पंगतीत मी श्रीखंडावर टोमॅटो केचप मागितलं होतं. कर्नलसाहेब भिंतीकडे बघू लागले. बीटल्स सगळ्यांना माहीत असतात, म्हणून ते निषिद्ध. त्यांना फक्त एका कारणासाठी प्रवेश आहे: १९६६ च्या जुलैत ते फिलिपिन्समधून जीव मुठीत धरून निघाले ते दिल्लीला उतरले आणि कॅनॉट प्लेसच्या रिखी राम या वाद्यांच्या दुकानात गेले. तेव्हा दुकानाबाहेर आपण उभे होतो, असं दादा सांगतात. वीरजीही सांगतात. सत्तरीपुढच्या ज्या ज्या दिल्लीकराशी मी बोललो, तो त्या दिवशी रिखी रामच्या बाहेर होताच. माझ्या हिशेबाने ती गर्दी इंडिया गेटच्याही पलीकडे गेली असणार.

"मी जॉर्जच्या इतक्या जवळ होतो," दादा हातांनी अंतर दाखवतात.

"मग मी मध्येच होतो," वीरजी म्हणतात.

दोघांचं वय मी मनातल्या मनात मोजलं आहे. दादा तेव्हा चौथीत असणार, आणि कलकत्त्यात. पण माझ्यासारख्या माणसाने, साताऱ्यात पाढे म्हणत सिमला बीट अनुभवलेल्या माणसाने, कुणाची जन्मतारीख काढावी हे काही बरं नाही.

दुसऱ्या रविवारी मी माझं मराठी पान टाकलं: नंदू भेंडे. मुंबईच्या अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट बँडचे गायक. अलेक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये ते जूडस झाले, पु. लं.च्या 'तीन पैशाचा तमाशा'त गायले, आणि पुढे 'डिस्को डान्सर'मध्ये कृष्णाला धरतीवर बोलावणारं गाणंही त्यांनीच म्हटलं. येशूला तीस नाण्यांना विकणारा आणि कृष्णाला हाका मारणारा गळा एकच! त्या बँडचं संगीत पुढे नाऊ-अगेन नावाच्या अमेरिकेतल्या एका छोट्या कंपनीने शोधून पुन्हा काढलं. मंडळात माझा भाव वधारला. कर्नलसाहेबांनी स्वतःच्या ताटलीतलं सँडविच मला दिलं.

त्याच जोशात घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडता निवडता ऐकत होती.

"भेंडे म्हणजे कुठले? आत्माराम भेंड्यांचे कोण?"

"मुलगा."

"मग तसं सांगा ना! मला वाटलं कोण केस वाढवलेला. आत्माराम भेंड्यांचा मुलगा म्हणजे चांगल्या घरातला."

पाऊण तास मी सायकेडेलिक गिटार म्हणजे काय ते समजावत होतो. तिला वडिलांचं नाव पुरलं. मराठी माणसाला जगातला कुठलाही रॉक बँड पचतो, फक्त ड्रमरचे काका दादरला राहत असले पाहिजेत.

गुडगावच्या पोराचं तंत्र आणखी वेगळं. त्याला बँडमध्येही रस नाही, गाण्यात तर नाहीच. त्याला लेबल लागतं. रेकॉर्ड हातात आली की तो ती तिरपी धरतो, मोबाईलची बॅटरी लावतो आणि मधल्या कागदाच्या कडेला, जिथे गाणं संपून खाच नुसती फिरत राहते, तिथे सुईने कोरलेला बारीक नंबर वाचतो. रत्नपारखी नखावर हिरा धरतो तसा चेहरा. एकदा त्याने असाच अर्धा तास नंबर वाचला, वहीत लिहिला आणि रेकॉर्ड न वाजवता परत केली.

"ऐकणार नाहीस?"

"ऐकायला मोबाईल आहे ना अंकल."

एचएमव्हीचा कुत्रा त्याला चालत नाही, तो घराघरांत होता. त्याला कलकत्त्याची इनरेको लागते, कॉन्कॉर्ड लागते, तीसच्या दशकातली मुंबईची यंग इंडिया लागते. कंपनी जितकी लवकर बुडाली, तितका त्याचा आदर जास्त. खुद्द आपल्या शेजारच्या नोएडात देशातली सर्वांत मोठी कंपनी बसली आहे. दरियागंजात वडिलांच्या ज्यूसच्या दुकानात बसणाऱ्या गुलशन कुमारांनी ती कॅसेटींवर उभी केली. रसाच्या ग्लासापासून एवढा पसारा, केवढी सुरस कथा! पण मंडळात टी-सीरीजचं नाव काढायची सोय नाही, कारण ती चालली. हल्ली त्याने दिल्लीच्या अमररस रेकॉर्ड्सला मान्यता दिली आहे, कारण तिथे लोकसंगीताची एकेक तबकडी मशीनवर सुटी कोरतात. जितका वेळ गाणं, तितका वेळ कोरणं. "याला म्हणतात धंदा न करणं," असं तो भारावून सांगतो. तो स्वतः सायबर सिटीत एका कंपनीला नफा कसा वाढवावा याचा सल्ला देतो.

दिल्लीच्या स्वतःच्या बँडांनी तर आम्हा संग्राहकांचा छळच मांडला. परिक्रमा १९९१ पासून वाजवताहेत, कॉलेजांची मैदानं भरून टाकली, आणि रीतसर अल्बम काढायचं मनावर घेतलं नाही. गाणी लोकांना फुकट घ्या म्हणाले. आता न निघालेली रेकॉर्ड गोळा कशी करायची? इंडियन ओशनने काढली, १९९३ पासून काढली, पण २०१० मधला अल्बम त्यांनीही एकेक गाणं करून फुकटच वाटला. त्याचं नाव होतं '१६/३३० खजूर रोड'. करोल बागेतल्या ज्या जुन्या बंगल्यात ते वर्षानुवर्षं तालीम करत, त्याचा हा पत्ता. पत्त्यालाच अल्बमचं नाव दिल्यावर माझ्यासारख्याने काय करायचं? मी निघालो.

मे महिना होता, हे इथे महत्त्वाचं आहे. त्याच सकाळी जुन्या बाजारातून पॉलिडॉरचं लेबल असलेली एक लाँगप्ले बाराशे रुपयांना घेतली होती. घरी तीनशे सांगायचं ठरवलं होतं. ती मी मारुतीच्या मागच्या सीटवर ठेवली, काचा वर केल्या आणि बंगला शोधायला उतरलो. करोल बागेत पत्ता विचारणं म्हणजे प्रत्येक चौकात एकदा खरेदीला नकार देणं. पहिल्याने लेहंगा दाखवला. दुसऱ्याने मोबाईलची काच बदलून घ्या म्हणाला. तिसरा सज्जन होता. त्याने खजूर रोडचा रस्ता व्यवस्थित सांगितला, पण वाटेत त्याच्या मेहुण्याचं भांड्यांचं दुकान होतं. अडीच तासांनी मी स्टीलचे सहा डबे घेऊन गाडीपाशी परतलो.

गाडीचं दार उघडलं तर आत भट्टी. कव्हर नुसतं कोमट लागत होतं. आतली रेकॉर्ड बाहेर काढली तर तळणीतून नुकताच काढलेला उडदाचा पापड! कडा वर आलेल्या, मध्ये एक फुगा, एका बाजूने नागमोडी. घरी आणून दोन दिवस दासबोध, आपट्यांचा कोश आणि त्यावर सासूबाईंचा पाटा असं वजन ठेवलं. फुगा बसला, कडा बसल्या नाहीत. सुई ठेवली की ती डीटीसीच्या जुन्या बससारखी वर जाते, खाली येते, आणि दर फेरीला गायक एकदा लांबून आणि एकदा कानाशी गातो. मंडळात वाजवली तेव्हा दादांनी डोळे मिटून सांगितलं की त्या काळी असे प्रयोग होत.

दादांना दोष देत नाही. माझंही असंच झालं होतं. एकदा मला एक छोटी तबकडी मिळाली. तिच्या मधला कागद पूर्ण खरवडलेला. ना नाव, ना लेबल. गुडगावचा पोरगा ती हातात घेऊन अक्षरशः थरथरला. वाजवली. खोल, जड, पाताळातून आल्यासारखा आवाज. शब्द कळत नव्हते, वेदना कळत होती. महिनाभर आम्ही त्या अनाम बँडवर बोललो. कर्नलसाहेब म्हणाले, युद्धाची छाया आहे. मी म्हणालो, फाळणी असावी. शेवटी माझी मुलगी सुट्टीला घरी आली, तिने जाता जाता प्लेअरवरची कळ तेहतीसवरून पंचेचाळीसवर ढकलली आणि पाताळातून एक लहान मुलगी टुणकन वर आली. कुठल्याशा टॉनिकची जाहिरात होती. वेदनेचं म्हणाल तर मुलीला भूक लागत नव्हती आणि टॉनिक घेतल्यावर लागू लागली.

"बाबा, फाळणी?" मुलगी एवढंच म्हणाली.

मंडळाला मी अजून सांगितलेलं नाही.

रेकॉर्ड घेऊन मेट्रोत शिरणं हा आणखी एक प्रकार. पिशवी एक्स-रेतून गेली की पडद्यावर एक मोठं काळं वर्तुळ दिसतं आणि मध्ये भोक. दर वेळी बोलावतात.

"क्या है इसमें?"

"रेकॉर्ड है."

"किस थाने का?"

आता आम्ही ओळखतो एकमेकांना. परवा त्या जवानाने मला थांबवून सांगितलं की त्याच्या गावी, रेवाडीला, आजोबांच्या पेटीत अशा वीसेक आहेत. मी श्वास रोखून विचारलं, कुठल्या? तो म्हणाला, आजी त्यावर भांडी ठेवते.

तर अशा वातावरणात ते पाप माझ्या हातून घडलं.

रविवार होता, बैठक दादांकडे. मी मयूर विहारहून मेट्रोने निघालो होतो. दादांनी त्या दिवशी लागोपाठ तीन असे बँड सांगितले की कुणी ऐकलेच नव्हते. वीरजींनी दोन टाकले. कर्नलसाहेबांनी शिलाँगच्या एका छावणीतला बँड काढला, त्यात दोनच माणसं होती आणि त्यातला एक स्वयंपाकी. माझी पाळी आली. डोकं रिकामं. नंदू भेंडे संपले होते. सगळे माझ्याकडे बघताहेत, दादांच्या घरचा संदेश समोर आहे आणि न जिंकता तो खायचा म्हणजे लाचारी. कानात फक्त येतानाच्या मेट्रोतली घोषणा घुमत होती. मी बोलून गेलो, "यमुना बँक."

कुणी काही बोललं नाही. मला वाटलं, पकडलो गेलो. इथून उठून पुढच्या स्टेशनवर जायचं तेवढं राहिलं.

दादांनी सावकाश डोळे मिटले. "यमुना बँक," ते म्हणाले. "आहा. किती वर्षांनी नाव ऐकलं."

"दिल्लीचेच ना?" कर्नलसाहेबांनी विचारलं.

"तो और क्या!" वीरजी म्हणाले. "कॅनॉट प्लेसमध्ये सेलरमध्ये वाजवायचे. बेस ढिला था, पर ड्रमर! ओए, क्या ड्रमर था!"

गुडगावच्या पोराने वही उघडली. "लेबल?"

एवढी तयारी माझी नव्हती. "छोटं होतं," मी म्हणालो. "एकच रेकॉर्ड काढून बुडालं."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "अशीच असतात," तो म्हणाला. दादांनी माझ्या ताटलीत दुसरा संदेश ठेवला.

पुढच्या महिन्यात मी गेलो तो यमुना बँकने माझी वाट न पाहता प्रगती केली होती. बँडमध्ये आता चार माणसं होती. गुडगावच्या पोराला खात्रीलायक समजलं होतं की रेकॉर्डच्या अडीचशेच प्रती निघाल्या आणि त्यांतल्या निम्म्या १९७८ च्या यमुनेच्या पुरात गेल्या. त्या सालचा पूर खरा आहे, म्हणून तर मला घाम फुटला. कर्नलसाहेबांनी त्यांना जबलपूरच्या मेसमध्ये ऐकलं होतं. मी धीर करून म्हणालो की यमुना बँक हे तर मेट्रो स्टेशनचं नाव आहे. वीरजींनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "मग मेट्रोवाल्यांनी ते कुठून उचललं?"

तिसऱ्या महिन्यात भांडण झालं. दादांच्या मते पहिला ड्रमर श्रेष्ठ, वीरजींच्या मते दुसरा. दुसरा ड्रमर कधी आला हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. दोघेही माझ्याकडे वळले, कारण विषय मी काढलेला. मी म्हणालो, दोघांचीही आपापली बाजू आहे. हे उत्तर ऐकून दोघेही माझ्यावर रागावले. तेव्हापासून दादा आणि वीरजी एकमेकांशी थेट बोलत नाहीत, कर्नलसाहेबांमार्फत बोलतात.

आता हे थांबवायला हवं होतं. चौथ्या रविवारी मी दादांना गॅलरीत गाठलं आणि सगळं कबूल केलं. बँड नव्हता. मी मनाने बनवला. मेट्रोत ऐकलेलं नाव होतं. चुकलो.

दादांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"होतं असं," ते म्हणाले. "तुम्हाला आता आठवत नाहीये. आपलं वय झालं. बी-कॉम्प्लेक्स घेता का?"

मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती हसता हसता खुर्चीत बसली. मग म्हणाली, "पण मला एक सांगा, तो पहिला ड्रमर मराठी होता का?"

परवा संध्याकाळी जुन्या बाजारातल्या त्या चादरवाल्याचा फोन आला. गुडगावच्या पोराने सगळीकडे सांगून ठेवलं होतं म्हणे. "साहब, वो आपका यमुना बँक. एक पीस आया है. कव्हर नहीं है. लेबल भी उखडा हुआ है. आठ हजार."

मला सगळं माहीत होतं. हा बँड माझ्या डोक्यातून, दोन संदेशांच्या मोहातून निघाला, हे मला जितकं माहीत होतं तितकं जगात कुणालाही नव्हतं. मी फोन ठेवायला हवा होता. मी विचारलं, "ड्रमर पहिलाच आहे ना?"

"पहिलाच, साहब."

पाचशे रुपये आगाऊ देऊन आलो आहे. रेकॉर्ड रविवारी ताब्यात मिळेल. तिचं कव्हर कुणा वाचकाच्या माळ्यावर पडलं असेल तर कृपया मला कळवावं. घरच्या नंबरावर कळवू नये, तो बायको उचलते.